दुसरा मासा

नदीकाठी पाच छपरं.
पालथी घातलेली पाच अवाढव्य पातेली, असं मला दुरून वाटलं.
आउस्मा म्हणाली, छे, हे तबेले होते,
पहिल्या महायुद्धात आभाळातून बॉम्ब टाकायला निघणाऱ्या
त्या फुगीर झेपेलिनांचे.
युद्ध हरलं, झेपेलिनं गेली, सांगाडे उरले.
ते रीगात आणून उभे केले
आणि खाली कोबी ठेवला.

कोबी हा शब्द तिनं इतक्या सहज उच्चारला
की इतिहास तिथंच संपला.

नोव्हेंबर. दुपारचे साडेतीन आणि दिवेलागण.
आत शिरताच चष्म्यावर वाफ चढली,
काही क्षण मला नुसता वासच दिसत होता:
मीठ, धूर, ओली लोकर
आणि शेपू.
शेपू! लहानपणी ताटात सारून सारून
ज्याचं मी कडेनं हिरवं कुंपण घातलं,
तो इथं बरणीबरणीत
काकड्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा.
इतक्या लांब येऊन तरी माणूस कुणाकुणाला टाळणार?

कोबीच्या रांगेत एका बाईनं न विचारता
आंबवलेली चिमूट माझ्या तळहातावर ठेवली.
मी ती तीर्थासारखी घेतली.
इतकी आंबट की कानामागे काहीतरी टणकन वाजलं.
लूद्झू, ती म्हणाली.
इथं हा शब्द म्हणजे कृपया, हाच घ्या ना,
हाच असू द्या, आणि काय देऊ तेही हाच.
उरलेलं तोंड
थंडीसाठी मिटून ठेवतात.

माशांच्या दालनात
दोरखंडासारखी वाम, धुरानं तांब्याच्या झालेल्या माशांच्या चळती,
टाकीत एक कार्प, अजून कुणाचाच नसलेला.
झिनाइदाच्या डोक्यावर जांभळी लोकरी टोपी,
हातमोज्यांची बोटं कापलेली.
आउस्मा लाटव्हियनमध्ये मागते,
झिनाइदा रशियनमध्ये भाव सांगते.
तीस वर्षं हे असंच.
दोघींनाही दोन्ही येतात, दोघीही हटत नाहीत,
मासा मात्र मधल्या फळीवरून बिनचूक पोचतो.

आज आउस्मानं तोंड उघडण्याआधीच
झिनाइदानं दोन चपटे मासे उचलले,
एक साधा, एक गाबोळीचा.
गाबोळीचा विस्वाल्दिसचा.
विस्वाल्दिस मार्चमध्ये गेला.

काटा थरथरला, थांबला.
झिनाइदानं कागद दुमडता दुमडता काहीतरी विचारलं.
आउस्मानं काहीतरी सांगितलं,
पाकीट उघडून नाणी मोजली
आणि दोन्ही माशांचे पैसे दिले.

काय विचारत होती? मी बाहेर आल्यावर म्हटलं.
त्याचा गुडघा कसा आहे.
मग?
मी म्हटलं, आता दुखत नाही.

कालव्याच्या कठड्यावर तिनं पुडकं उलगडलं.
हा तुझा. घरी नेला तर मांजरसुद्धा विचारेल.
मी उभ्यानंच खाल्ला.
बोटांवर पिवळं तेल, दाताखाली गाबोळी
बारीक बारीक फुटत गेली.
मेलेल्या माणसाच्या वाटणीचं खाऊन
पोट भरतं का, असं कुणी विचारलंच तर: भरतं.
काटे तेवढे बघून खावे लागतात.

एक कुरव पक्षी तिरका तिरका जवळ आला.
आउस्मानं त्याला शेपटी टाकली,
मग बराच वेळ हात पुसत राहिली
त्याच तेलकट कागदाला.

पुलावरून एक मालगाडी गेली, डबे मोजता मोजता चुकलो.
मागे वळून पाहिलं तर पाचही छपरांखाली दिवे,
आणि ती छपरं, खरं सांगतो, किंचित फुगलेली,
कुणी दोर सोडला तर उठतील अशी.
मी तसं म्हटलंही.

आत इतका कोबी भरलाय, आउस्मा म्हणाली,
कुठे जातात.